सायकल मागणाऱ्या मुलांच्या आईबाबांशी

पालकहो, मूल पाचवी-सहावीत गेलं की बहुतेक घरांत एक मागणी येते : "मी सायकलने शाळेत जाऊ?" आणि बहुतेक घरांत तिला उत्तरही एकच मिळतं : "अजिबात नाही. रस्ते बघतोस ना?" विषय तिथेच संपतो. मूल व्हॅनमध्ये कोंबलं जातं किंवा आपल्या स्कूटरवर मागे बसतं. हौसेने घेतलेली सायकल काही दिवस सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरते आणि मग पार्किंगच्या कोपऱ्यात हवा गेलेल्या चाकांवर उभी राहते.

मला आज त्या उत्तराबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसांचा जीव गेला, हे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. तेव्हा आईबापांच्या पोटात गोळा येतो तो उगीच नाही. पण 'रस्ते बघतोस ना' हे आपण अशा सुरात म्हणतो की जणू रस्ते हे असेच असायचे, त्यात कोणाचा हातच नाही. खरं तर शहरातल्या रस्त्याचा फूट न् फूट कोणीतरी कागदावर आखलेला असतो. फुटपाथला किती जागा, गाड्यांना किती, वळणाचा कोपरा किती गोल, पायी ओलांडणाऱ्याला सिग्नलचे किती सेकंद, हे सगळं कुठल्या तरी टेबलावर ठरलेलं असतं. माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलता येतं. आणि ते बदलून मागायचा हक्क लहान मुलांच्या आईबापांइतका दुसऱ्या कोणाचा नाही, असं मला मनापासून वाटतं.

आधी मुलांविषयी. आपण त्यांना सांगतो, जपून चालव, मागे बघत जा, गाडी आली की थांब. हे सांगणं सोपं आहे. करणं त्या वयाला किती अवघड आहे ते बघायचं असेल तर मुलाला मोकळ्या मैदानावर सायकल चालवायला लावा आणि मागे उभं राहून त्याला हाक मारा. ते मान वळवून बघेल, आणि ज्या खांद्यावरून बघेल त्याच बाजूला सायकल ओढली जाईल. मानेबरोबर खांदा वळतो आणि खांद्याबरोबर हॅण्डल. मैदानावर याने काही बिघडत नाही. रस्त्यावर मात्र त्या हातभर उजवीकडच्या जागेत बस असते. हे सरावाने सुधारतं. मागून बोटं दाखवायची आणि मुलाने सायकल सरळ ठेवून किती बोटं ते सांगायचं, हा खेळ रविवारी सकाळी मैदानावर खेळून बघा. पण नवव्या-दहाव्या वर्षाच्या आत तो बहुतेकांना नीट जमत नाही, आणि त्यात मुलांचा दोष नाही.

स्वीडनमध्ये १९६०च्या दशकात स्टिना सँडल्स या संशोधक बाईंनी लहान मुलं रहदारीत कशी वागतात याचा फार बारकाईने अभ्यास केला. कितीही शिकवलं तरी लहान मुलाला रहदारीच्या मापात बसवता येत नाही. रहदारीच मुलांच्या मापाची करावी लागते, असं त्यांचं सांगणं होतं. दहाच्या आतलं मूल गाडी लांब आहे की जवळ हे सांगू शकतं, पण ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्याला नीट येत नाही. हॉर्न कोणत्या बाजूने वाजला याचा त्याचा गोंधळ होतो. पलीकडे मित्र दिसला की आपलं सगळं शिकवणं त्या क्षणापुरतं पुसलं जातं. आपण याला धांदरटपणा म्हणतो. ते वयच तसं असतं.

हेल्मेटबद्दल विचारलंत तर, जरूर घाला. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे आणि बक्कल लावल्यावर हनुवटीखाली फार तर दोन बोटं शिरली पाहिजेत. मागे सरकवून घातलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं, आणि मूल पडतं ते बहुधा पुढेच. दोन्ही ब्रेक दर आठवड्याला स्वतः दाबून बघा, मागे लाल दिवा लावा. हे सगळं आपलं काम आहेच. पण सायकलचं हेल्मेट पडल्यावर लागणाऱ्या मारासाठी बनवलेलं असतं, टँकरच्या चाकासाठी नव्हे. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं की आपली जबाबदारी संपली, असा समज कोणी करून घेऊ नये म्हणून हे लिहिते आहे. त्या टँकरचा वेग, त्याचं वळण आणि त्याच्यापासून मुलाचं अंतर ही आधीची गोष्ट आहे.

वेगाचा हिशेब एकदा शांतपणे करून बघू. कार चालवणाऱ्याला समोर मूल दिसलं आणि त्याचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला असं धरा. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी त्या एका सेकंदात आठ मीटरच्या वर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर आणखी पाचेक मीटरमध्ये उभी राहते. म्हणजे सगळे मिळून तेरा-चौदा मीटर. आता तीच गाडी ताशी ५० ने येते आहे असं समजा. त्याच एका सेकंदात ती जवळपास चौदा मीटर पुढे आलेली असते. जिथे पहिली गाडी थांबली, तिथे या गाडीचा ब्रेक आत्ता कुठे लागतो आहे. मूल चौदा मीटरवर असेल तर एका वेगात ते वाचतं आणि दुसऱ्या वेगात त्याला जवळजवळ पूर्ण वेगाची धडक बसते. दोन्ही ड्रायव्हर तितकेच सावध, मूल तितकंच लहान. रस्ता ओला असेल तर हे आणखी बिघडतं, आणि आपल्या शाळा तर ऐन पावसाळ्यात सुरू होतात.

म्हणून शाळेच्या, वस्तीच्या, बाजाराच्या रस्त्यावर ताशी ३० च्या वर गाडी जाता कामा नये. नुसती पाटी लावून हे होत नाही. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, तुमचा आणि माझाही. रस्ताच असा हवा की वेगाने जावंसं वाटू नये. मोटारींच्या लेन अरुंद हव्यात, वळणाचे कोपरे काटकोनाकडे झुकणारे हवेत, पायी ओलांडायचा पट्टा फुटपाथच्या उंचीला आणलेला हवा. आपल्याकडे त्याऐवजी रात्रीतून एक ओबडधोबड गतिरोधक उगवतो, त्यावर पांढरे पट्टेही नसतात, आणि त्यावरून सगळ्यात आधी सायकलवालंच पोर उडतं.

मी पुण्यात राहते, त्यामुळे पुण्याबद्दलच अधिक बोलते. हे सायकलींचं शहर होतं असं आपण अजून अभिमानाने सांगतो. कारखान्यांकडे जाणारे कामगार, कॉलेजात जाणाऱ्या मुली, दूधवाले, प्राध्यापक, सगळे सायकलवर. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली तर पोलीस पकडायचे, हे घरोघरच्या आजोबांनी सांगितलेलं असतं. १९७२ साली बजाजची चेतक आली, त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली. मध्यमवर्गाच्या हाती परवडणारं वाहन आलं यात वाईट काहीच नव्हतं. वाईट हे झालं की पुढची पन्नास वर्षं रस्ता फक्त इंजिनासाठी आखला गेला. रुंदीकरणात आधी झाडं गेली, मग फुटपाथ गेला आणि सायकलवाल्याची डावी कड त्याच्या नकळत गेली.

प्रयत्नच झाले नाहीत असं नाही. २००६ साली स्वारगेट-कात्रज मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आले. २०१७च्या डिसेंबरमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ ऐसपैस झाले, संध्याकाळी तिथे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निवांत बसलेले दिसतात. मनावर घेतलं तर आपल्याच शहरात, आपल्याच ठेकेदारांकडून हे होतं.

पण आमच्या भागातला एक ट्रॅक मी रोज पाहते, तो तुम्हाला दाखवते. तो सुरू होतो तिथेच मोटारसायकली घुसू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवले आहेत, इतके जवळ की सायकलचं हॅण्डल तिरकं केल्याशिवाय जात नाही. मोटारसायकली शेजारच्या उतारावरून आरामात चढतात. पुढे पेव्हर ब्लॉक उखडलेले. मग विजेचा डीपी, ट्रॅकच्या बरोबर मधे. मग प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, कारण मोटारीला उतार हवा असतो. त्यानंतर उभ्या स्कूटरींची रांग. आणि चौक वीस-पंचवीस पावलांवर आला की ट्रॅक संपतो. दहा वर्षांचं पोर तिथून धप्पकन मुख्य रस्त्यावर उतरतं, नेमकं जिथे सगळ्या गाड्या डावीकडे वळायच्या घाईत असतात.

सायकलवाल्याचा खरा कस चौकात लागतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर ट्रॅक आणि चौकात काही नाही, ही रचना मला फार क्रूर वाटते. सरळ जाणाऱ्या सायकलच्या अंगावरून बस, टँकर किंवा सिमेंटचा मिक्सर डावीकडे वळतो तेव्हा केबिनमध्ये उंच बसलेल्या ड्रायव्हरला त्याच्या डाव्या दाराखालचं मूल दिसतच नाही. आज रात्रीच जेवताना मुलाला हे सांगा : सिग्नलला मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही. एक तर तिच्या चांगलं मागे थांबायचं, नाहीतर इतकं पुढे की ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसेल. त्याचा चेहरा दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही. हे झालं मुलाचं काम. रस्ता आखणाऱ्याचं काम असं की कोपरा घट्ट ठेवायचा म्हणजे गाडी वळताना हळू होते, सायकलींसाठी थांबण्याची रेघ गाड्यांच्या पुढे आखायची, आणि ट्रॅक चौकाच्या पलीकडेपर्यंत रंगवून न्यायचा.

काही दुरुस्त्या तर अगदी किरकोळ असतात. रस्त्याकडेच्या गटाराची लोखंडी जाळी बघा. तिच्या पट्ट्या रहदारीच्या दिशेने असतील तर सायकलचं चाक फटीत अडकतं आणि मूल हॅण्डलवरून पुढे फेकलं जातं. तीच जाळी आडवी फिरवून बसवली की चाक वरून निघून जातं. डांबराचे थरावर थर चढून खड्ड्यात गेलेली चेंबरची झाकणं वर उचलून घेणं, हेही तसंच. अशा कामाला उड्डाणपुलाइतका खर्च येत नाही. कोणीतरी ते बघायला आणि सांगायला लागतं, एवढंच.

नेदरलँड्सचं नाव निघालं की आपण म्हणतो, त्यांचं काय, त्यांचा देश सपाट, तिथे सायकली पहिल्यापासूनच. पण १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती. तिथेही मोटारी वाढल्या होत्या, सायकली मागे पडत होत्या, आणि मोटारींसाठी शहरांतल्या जुन्या वस्त्या पाडल्या जात होत्या. त्या वर्षी फिक लाँगनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी रस्त्यावरच्या अपघातात गेली. पुढच्या वर्षी त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचा मथळाच होता, 'मुलांची हत्या थांबवा'. आईबापांनी एकत्र यावं असं त्याने त्यात आवाहन केलं आणि लोक खरोखर एकत्र आले. मार्त्ये फान पुटन ही तरुण आई त्या चळवळीची पहिली अध्यक्ष झाली. या लोकांनी अपघाताच्या जागा अडवल्या, दिवसदिवस गल्ल्या बंद करून तिथे मुलांना खेळायला सोडलं, पंतप्रधान योप डेन उइल यांच्या घरासमोर जाऊन गाणी म्हटली. पंतप्रधान बाहेर आले आणि त्यांनी ऐकून घेतलं. १९७३च्या तेलटंचाईत मोटारी बंद ठेवलेले रविवार आले, तेव्हा शांत रस्ता कसा असतो हे सगळ्या देशाने पाहिलं. डेल्फ्ट शहरात घरांसमोरच्या गल्ल्या झाडं, बाकं आणि वळणं घालून अशा केल्या गेल्या की मोटारीला माणसाच्या चालीनेच जावं लागे. १९७६ साली अशा गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली. तिथे रस्त्यांवर मरणाऱ्या मुलांचा चारशेच्या वरचा आकडा २०१०पर्यंत पन्नासच्या पुष्कळ खाली आला. मुलांना जास्त दटावल्यामुळे हे झालेलं नाही.

हे वाचताना मला दर वेळी जाणवतं की ही चळवळ चालवणारे वाहतूकतज्ज्ञ नव्हते. मुलांना शाळेत पाठवून दिवसभर जीव मुठीत धरणारी आईबापं होती ती. तुमच्या-माझ्यासारखीच.

आता आपल्या शाळेच्या फाटकाशी या. सकाळी सात ते सव्वासात. सायकलने येणाऱ्या त्या चार-दोन मुलांना सगळ्यात जास्त धोका कोणाचा असतो? दुसऱ्या मुलांना सोडायला आलेल्या आपलाच. उलट्या दिशेने आलेली स्कूटर, फाटकासमोर आडवी लावलेली कार, मागे न बघता उघडलेलं दार. दारापुरतं बोलायचं तर ते नेहमी लांबच्या हाताने उघडा. उजवीकडे बसलेल्याने डाव्या हाताने, डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. शरीर आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. मुलांनाही तीच सवय लावा. आणि गाडी फाटकापासून शंभर-दीडशे पावलं अलीकडे थांबवून तिथून मुलाला चालत जाऊ द्या. एका वर्गाच्या पालकांनी जरी हे ठरवून पाळलं तरी आठवड्याभरात फाटकासमोरची जागा मोकळी दिसायला लागेल.

मग मुलांचा सायकलचा जथा काढता येतो. एका रस्त्याने येणारी आठ-दहा मुलं, पुढे एक मोठं माणूस, मागे एक, ठरलेली वेळ, ठरलेले थांबे. वारकऱ्यांची दिंडी जाताना गाड्या जशा आपोआप हळू होतात, तशा या जथ्यासमोरही होतात, कारण एकटं पोर नजरेतून सुटतं, दहाजण सुटत नाहीत. बार्सिलोनात आईबापांनी अशा शाळेच्या सायकल-फेऱ्या चालवल्या आहेत. पालकांनी दिवस वाटून घेतले तर कोणा एकावर भार येत नाही. बारा-तेराच्या पुढची मुलं मग हळूहळू स्वतंत्रपणेही जाऊ लागतात, आधी गल्लीबोळांतून, मग मोठ्या रस्त्याने. वाट ठरवताना सगळ्यात जवळची नको, सगळ्यात संथ रहदारीची घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. सायकल धोक्याची म्हणून तिला नाही म्हणणारी कित्येक घरं पंधराव्या वर्षी क्लासला जायला स्कूटरची चावी मात्र देतात. स्कूटरचा वेग सायकलच्या तिप्पट, आणि मूल तेच. २०१९ला मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. पण मी कायद्याच्या धाकाने हे सांगत नाही. ती चावी देऊ नका.

आणि शहराबाहेरही बघा. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या ८वी ते १२वीच्या मुलींना शासन सायकली देतं. फार चांगली योजना आहे, त्या सायकलींमुळे कितीतरी मुलींची शाळा सुटायची वाचली. पण त्या मुली जातात त्या राज्यमार्गाच्या कडेने, जिथे साईडपट्टी खचलेली आणि शेजारून उसाचे ट्रॅक्टर, रात्री दिवे नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत. सायकल देणाऱ्या सरकारने गावापासून शाळेपर्यंत दीड-दोन मीटरची पक्की कडही द्यावी, ही मागणी ग्रामसभेतून यायला हवी.

शहरात मागणीचा रस्ता ठरलेला आहे. पुणे महापालिकेत २००६पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. त्यात 'रस्ते सुरक्षित करा' असं मोघम लिहू नका, त्यावर कोणी काही करू शकत नाही. लिहा की शाळेच्या फाटकासमोर फुटपाथच्या उंचीचा ओलांडणीचा पट्टा हवा, अमुक दुकानापासून तमुक चौकापर्यंतच्या गटाराच्या जाळ्या आडव्या बसवून हव्यात, कोपऱ्यावरचा डीपी ट्रॅकबाहेर हलवून हवा. प्रत्येक जागेचा फोटो जोडा. वाहतूक पोलिसांना वेगळा अर्ज द्या, शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास तो रस्ता मोटारींना बंद ठेवण्याचा. मुंबईत भायखळ्याला एका शाळेबाहेर नुसता रंग आणि बॅरिकेड मांडून रस्त्याची नवी आखणी आधी करून पाहिली गेली होती. पक्कं बांधकाम नंतर होईल, आधी असा प्रयोग तरी करा, असं तुम्हीही अर्जात लिहू शकता.

अर्ज पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत वाचून दाखवा आणि शक्य तितक्या पालकांच्या सह्या घ्या. मुख्याध्यापकांचं पत्र सोबत लावा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या, आणि महिन्याभराने तो क्रमांक घेऊन चौकशीला कोण जाणार ते त्याच बैठकीत ठरवा.